पोलादाच्या गावी लाकडाची निगा

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते पोलाद. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग शहरालगतच्या माळावर एक आखीव उद्योगनगरी आकारास आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडशी नाते असलेल्या मराठी मुलखातूनही, विशेषतः विदर्भातून, अनेक कुटुंबे आली. सेक्टरांमधील क्वार्टर्समध्ये त्यांनी संसार मांडले. दिवसभर पोलादाशी झुंजणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन टेकत असे, तो मात्र लाकडाच्या आरामखुर्चीवर.

या संसारांतील लाकूडसामान बहुधा इथेच घडलेले असते. चहूबाजूंना साग आणि साल यांची जंगले. मिस्त्री घरी येऊन, अंगणात रंधा मारून पलंग, जेवणाचे टेबल, जाळीचे कपाट, देव्हारा करून देत. पुढे निवृत्तीचा दिवस येतो, क्वार्टर सोडण्याची वेळ येते आणि घरात प्रश्न उभा राहतो : हे सारे न्यायचे कसे? नागपूर-पुण्याच्या सदनिकेत ते मावेल काय? खोलून पुन्हा जोडता येईल काय? की भंगारवाल्याला बोलवावे? बँकेत नोकरी करणाऱ्यांना तर या प्रश्नासाठी निवृत्तीपर्यंत थांबावे लागत नाही. दर बदलीच्या आदेशासरशी तो दारात हजर असतो.

लाकडी वस्तू बिघडते ती वयाने क्वचितच. चुकीच्या ऋतूत केलेली दुरुस्ती, घाईची जोडणी आणि पाण्याचा अयोग्य शेजार ही तिची खरी शत्रुत्रयी. भिलाईसारख्या उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही टोकांच्या गावी हे जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

रूळ आणि फळी

भिलाईचा कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो. पोलाद तापले की लांबते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १३ मीटर लांबीचा रूळ तापमानात ४० अंशांचा फरक पडला असता सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. म्हणूनच सांधे असलेल्या रुळमार्गावर दोन रुळांच्या टोकांमध्ये फट ठेवतात.

आता आपल्या घरातील जेवणाच्या टेबलाकडे पाहावे. सागवानाची ४० सेंटिमीटर रुंद फळी मे महिन्यातून ऑगस्टमध्ये जाताना रुंदीने जवळपास तेवढीच, म्हणजे ६ मिलिमीटर, वाढू शकते. जे करायला रुळाला १३ मीटर लागतात, ते फळी हातभर रुंदीत करते. फरक एवढाच की पोलादाला उष्णता हलवते आणि लाकडाला हवेतील ओल.

याचे कारण लाकडाच्या घडणीत आहे. झाड तोडले, फळ्या पाडल्या, पॉलिश केले, तरी लाकडाचे तंतू हवेतील बाष्प शोषणे आणि सोडणे थांबवीत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत भिलाईचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि दुपारच्या हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या घरात उतरते. अशा हवेत लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या ६ ते ७ टक्के एवढेच उरते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की तेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास चढते. लाकूड आटते आणि फुगते ते या चढउतारामुळे.

मात्र ही हालचाल सर्व दिशांना सारखी नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ती जवळजवळ शून्य असते. रुंदीच्या दिशेने मात्र चांगलीच जाणवते. त्यातही खोडाच्या कडेने चिरलेली फळी गाभ्यातून उभी चिरलेल्या फळीच्या दुपटीहून अधिक हलते. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत एका दिशेने सुमारे २.५ टक्के, तर दुसऱ्या दिशेने ५.८ टक्के आटते. इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने हे आकडे लहान आहेत आणि सागाच्या लौकिकाचे एक मोठे कारण हेच आहे.

म्हणून भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडून, कोणत्या विभागात कोणत्या कामासाठी लाकूड किती वाळलेले असावे, हे सांगितले आहे. कोकणात ठीक वाटणारे लाकूड छत्तीसगडात ओले ठरू शकते.

आपल्या घरी कोणते लाकूड आहे?

निगा राखण्यापूर्वी वस्तूची जात ओळखावी. भिलाईच्या मराठी घरांत इथे थोडी गंमत होते, कारण मिस्त्री आणि मालक एकाच लाकडाला दोन नावांनी हाक मारतात. आपला ऐन तो इथला साजा, आपला बिबळा तो बीजा, शिवण ती खम्हार, तिवस तो तिनसा. छत्तीसगडचा राज्यवृक्ष असलेला साल इथल्या बोलीत सरई होतो.

सागवान मध्यम वजनाचे, अंगचे तेल असलेले, फार न हलणारे आणि वाळवीला दाद न देणारे. सालाचे लाकूड त्याहून पुष्कळ जड आणि कणखर. रेल्वेच्या रुळांखाली सालाचे स्लीपर वर्षानुवर्षे टिकत, ते याच गुणामुळे. परंतु साल वाळताना तडकतो, म्हणून तो चौकटीला उत्तम, टेबलाच्या पृष्ठभागाला मात्र तितकासा नव्हे. शिवण हलकी आणि आपला आकार राखणारी. बाभूळ चिवट, पण तिच्या गाभ्याभोवतीच्या फिकट भागाला, म्हणजे रसकाष्ठाला, कीड फार लवकर लागते.

हे झाले अस्सल लाकडाचे. आजच्या घरांत प्लायवूड, एमडीएफ आणि भुशापासून दाबून केलेले पार्टिकल बोर्डही तितकेच असते. प्लायवूडवरील शिक्का वाचण्याची सवय ठेवावी. आयएस ३०३ या मानकातील ‘एमआर’ म्हणजे केवळ दमटपणा सोसणारे. ते जलाभेद्य नव्हे. स्वयंपाकघरातील मोरीलगतच्या कपाटाला आयएस ७१० चे मरीन प्लायवूडच योग्य. पार्टिकल बोर्डाच्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. अस्सल लाकडाला ये-जा करण्यासाठी मोकळीक द्यावयाची, तर बोर्डाला कडा बंद करून पाण्यापासून दूर ठेवावयाचे, असा हा दोन प्रकारच्या निगेतील मूलभूत भेद आहे.

जोडणी : घाई नको, गुण्या हवा

सुटे भाग करून पाठवावयाचे आणि मुक्कामी जोडावयाचे, ही कल्पना नवी नाही. व्हिएन्नाच्या मायकेल टोनेट यांनी १८५९ मध्ये, म्हणजे भिलाईची पहिली भट्टी पेटण्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, वाफेवर वाकविलेल्या लाकडाची ‘क्रमांक १४’ ही खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात मावत. आपल्याकडची बाज तरी दुसरे काय आहे? चार खुरे, चार गाते आणि विणीची दोरी. सोडली की बैलगाडीत मावते.

आज खोक्यातून येणारे कपाट घरी जोडताना पुढील क्रम पाळल्यास मनस्ताप टळतो.

प्रथम सर्व भाग चादरीवर पसरून माहितीपत्रकाशी ताडून पाहावेत. स्क्रू, लाकडी खुंट्या आणि मिनिफिक्सच्या चकत्या वेगवेगळ्या वाट्यांत काढाव्यात. लांब आणि आखूड स्क्रूची अदलाबदल झाली, तर लांब स्क्रू फळीच्या आरपार निघतो आणि ती खूण कायमची राहते.

पुढची गोष्ट महत्त्वाची : पहिला स्क्रू पूर्ण आवळू नये. सर्व स्क्रू तीन-चतुर्थांश बसवून सांगाडा उभा करावा, मग तो काटकोनात आहे की नाही ते पाहावे. यासाठी गुण्या नसला तरी चालेल. मापाच्या फितीने दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण समान असतील तर चौकट काटकोनात आहे. फरक असल्यास लांब कर्णाच्या टोकांवर हलका दाब देऊन तो काढावा आणि मगच सर्व स्क्रू आळीपाळीने आवळावेत. पाठीची पातळ फळी याच वेळी ठोकावी, कारण काटकोन धरून ठेवण्याचे काम तीच करते. ती न लावलेले कपाट वर्षभरात डुलू लागते.

यंत्राने स्क्रू बसविणे सोयीचे असले तरी पार्टिकल बोर्डात अखेरचे दोन फेरे हातानेच द्यावेत. यंत्राच्या जोराने भुसा सुटतो आणि स्क्रूची पकड जाते. अस्सल लाकडात स्क्रू बसविण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडून घ्यावे आणि स्क्रूला मेण चोळावे. साल-शिसवासारख्या कठीण लाकडात हे न केल्यास स्क्रूचे डोके तुटते किंवा फळी चिरते.

जमीन सपाट आहे हे गृहीत धरू नये. पाणसळ ठेवून पाहावी आणि पायांखाली पाचर देऊन कपाट समतल करावे. दार आपोआप उघडते किंवा खण अडकतो, त्याचे मूळ पुष्कळदा बिजागरीत नसून जमिनीत असते.

उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडणे ही शोभेची नव्हे, जिवाची बाब आहे. उघड्या खणांवर चढणाऱ्या लहान मुलांच्या अंगावर कपाटे कोसळून मृत्यू घडल्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकेत आयकिया या कंपनीला खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवावी लागली होती. ज्या घरी नातवंडे खेळतात, त्या घरी ही दहा मिनिटांची कामगिरी टाळू नये.

अस्सल लाकडाच्या टेबलाबाबत आणखी एक पथ्य आहे. वरची फळी खालच्या चौकटीला सर्व बाजूंनी गोंदाने चिकटवू नये. फळी ऋतूप्रमाणे हलणारच. तिला अडविले तर ती तडकते. जाणता मिस्त्री चौकटीतील भोके लांबट ठेवतो, जेणेकरून स्क्रूसह फळीला थोडे सरकता येईल. दाराच्या चौकटीतील फळी, जिला इथले सुतार दिल्हा म्हणतात, तीही खाचेत नुसती बसविलेली असते, चिकटविलेली नसते. ती थोडी हलते म्हणून कोणी हौसेने फेविकॉल भरला, तर पुढच्या मे महिन्यात ती मधोमध फाटलेली आढळेल.

सरस आणि फेविकॉल

जुनी वस्तू खोलावयाची असेल, तर ती कशाने जोडली आहे हे पाहणे अगत्याचे. पूर्वी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस तापवून वापरीत. पिडिलाइट ही कंपनी १९५९ मध्ये सुरू झाली, तिच्या फेविकॉलने पुढे देशभर सरसाची जागा घेतली. सरसाचा सांधा गरम पाण्याच्या फडक्याने किंवा वाफेने सैल होतो, म्हणून कुसू खाचेतून अखंड काढता येतो. फेविकॉलचा सांधा असा सहज सुटत नाही. ठोकून काढू पाहिल्यास लाकूड तुटते, सांधा नाही.

सैल झालेल्या खुर्चीत खिळा मारणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय होय. खिळ्याने कुसू चिरतो, खुर्ची पुन्हा डुलू लागते. सांधा पूर्ण मोकळा करावा, जुना गोंद खरवडून काढावा, कुसू सैल असल्यास त्यावर लाकडाची पातळ चीप चिकटवावी, पांढरा गोंद लावून सुतळीने आवळून बांधावे आणि २४ तास खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नये. सागाच्या अंगी तेल असल्याने गोंद लावण्यापूर्वी ती जागा स्पिरिटने पुसून घ्यावी.

लोखंडी खिळ्यांबद्दल आणखी एक इशारा. साल, ऐन, बाभूळ यांसारख्या लाकडांत टॅनिन असते. ओल्या लोखंडाशी ते आले की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, तीच ही क्रिया. पोलादनगरीत तर लोखंडाचे बारीक कण धुळीतूनही येतात. म्हणून पितळी स्क्रू वापरावेत आणि धूळ ओल्या नव्हे, कोरड्या मऊ फडक्याने टिपावी.

झिलईचे गुणदोष

जुन्या वस्तूंवरील तांबूस, खोल चमक बहुधा फ्रेंच पॉलिशची असते. नाव परदेशी असले तरी त्यातील मूळ द्रव्य छत्तीसगडचेच म्हणावे लागेल. कुसुम, पळस आणि बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ निर्माण करतात, ती स्वच्छ करून चपडी लाख होते आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवून हे पॉलिश बनते. लाखेच्या उत्पादनात झारखंडासोबत छत्तीसगड देशात अग्रणी आहे.

या झिलईला तीन गोष्टी खपत नाहीत : पाणी, उष्णता आणि मद्यार्क. गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. अत्तर किंवा हातांना लावावयाचे सॅनिटायझर सांडले की झिलई विरघळते. २०२० नंतर अनेक घरांत टेबलांवर जे डाग दिसू लागले, त्यांचे कारण हेच. मात्र तिचा मोठा गुण असा की ती घरच्या घरी दुरुस्त होते. पांढरा डाग दोन-तीन दिवस कोरड्या हवेत आपोआप फिका पडतो. न पडल्यास कापसाची पुरचुंडी सुती कापडात बांधून, स्पिरिटचे अगदी थोडे थेंब घेऊन, न थांबता हलक्या हाताने फिरवावी. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश पाण्याला अधिक दाद न देणारे असते, परंतु ओरखडा पडल्यास बहुधा पूर्ण पृष्ठभाग पुन्हा करावा लागतो.

तेलाने पुसण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यासाठी खोबरेल किंवा तिळाचे तेल वापरू नये. ते कधी वाळत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. जवसाचे तेल मात्र हवेत वाळून पातळ कवच धरते. पक्के तेल आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन, पॉलिश नसलेल्या लाकडावर पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल कोरडे पुसून घ्यावे. त्यानंतरची खबरदारी सर्वांत महत्त्वाची : जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी अंगणात पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मगच फेकावीत.

वाळवी आणि भुंगा

‘कपाटाला कीड लागली’ असे आपण सरसकट म्हणतो. परंतु शत्रू दोन आहेत आणि त्यांचे उपायही भिन्न आहेत. वाळवी मातीतून येते. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधीत पुढे सरकते. नळ्या पुसून टाकल्याने ती जात नाही, कारण वारूळ जमिनीत असते. जमिनीत आणि भिंतीच्या पायाशी औषध देणे हे जाणकारांकडूनच करवून घ्यावे. स्वयंपाकघरात आणि देवघरात स्वतः फवारणी करू नये.

भुंगा मात्र लाकडातच जन्मतो. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखी भुकटी ही त्याची खूण. तो रसकाष्ठातील पिष्टावर जगतो. म्हणून सागाचा तपकिरी गाभा सुरक्षित राहतो, पण त्याच फळीची पांढरट कड पोखरली जाते. भुकटी झाडून आठवड्याने पुन्हा पाहावे. नवी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि छिद्रांत सुईने औषध सोडवून ती मेणाने बुजवावीत. डांबराच्या गोळ्यांनी आतील अळी मरत नाही. वस्तू मे महिन्याच्या उन्हात टाकण्याचा मोहही आवरावा. किडा वाचेल, फळी मात्र तडकेल.

वाळवीला लाकूड आणि कागद यांत भेद कळत नाही. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा तिने फस्त केल्याची बातमी आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. घराची खरेदीखते, ठेवपावत्या, विमापत्रे भिंतीलगतच्या लाकडी कपाटाच्या तळाच्या खणात ठेवण्याची प्रथा अजूनही आहे. ती मोडणे श्रेयस्कर.

बदली आणि स्थलांतर

रत्नागिरीहून भिलाईस आलेल्या अधिकाऱ्याचे कपाट पहिल्याच उन्हाळ्यात कडाडते, तर भिलाईहून कोकणात गेलेल्याचे खण पहिल्याच पावसाळ्यात अडून बसतात. यात कोणाच्या कारागिरीचा दोष नसतो. लाकूड नव्या हवेशी जमवून घेत असते. म्हणून नव्या गावी सामान पोहोचल्यावर दोन-तीन आठवडे ते तसेच राहू द्यावे. सांधे आवळणे, दारे घासणे, पॉलिश करणे ही कामे त्यानंतर करावीत.

खोलण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे. प्रत्येक भागावर आतल्या बाजूस पेन्सिलीने ‘उजवा’, ‘डावा’, ‘अ’, ‘आ’ अशा खुणा कराव्यात. स्क्रू त्या त्या भागाच्याच पिशवीत घालून त्याच भागाला बांधावेत. पॉलिशवर प्रथम सुती चादर गुंडाळावी, प्लॅस्टिक त्याबाहेर. थेट प्लॅस्टिक लावल्यास आत दमटपणा कोंडतो आणि उन्हाने मऊ झालेल्या लाखेवर त्याच्या घड्या उमटतात.

काय न्यावे आणि काय सोडावे, याचा हिशेब भावनेने आणि रोकड्या विचाराने मिळून करावा. पार्टिकल बोर्डाची वस्तू दोन-तीनदा खोलल्यावर स्क्रू धरत नाही. तिच्या वाहतुकीचा खर्च बहुधा वाया जातो. उलट, अस्सल सागाचा पलंग सैल वाटला तरी लाकूड शाबूत असेल, तर सांधे नव्याने बसवून तो आणखी एक पिढी काढील. फळ्या निरोगी असतील आणि सदनिकेत पलंग मावत नसेल, तर त्याच लाकडाचे लहान टेबल किंवा पुस्तकांचे फडताळ होते. अनेक वर्षे आपल्याच घराच्या हवेत वाळलेले हे लाकूड बाजारातील नव्या फळीपेक्षा अधिक स्थिर असते. भंगाराच्या तराजूत त्याचे मोल कळत नाही.

ऋतूंप्रमाणे काळजी

उन्हाळा (मार्च ते जून) : कूलरचा झोत थेट कपाटावर येऊ देऊ नये. कूलरच्या खोलीत हवा दमट आणि शेजारच्या खोलीत रखरखीत असते, म्हणून वस्तू वारंवार इकडून तिकडे हलवू नयेत. या दिवसांत पडलेल्या बारीक फटी लुकणाने भरू नयेत. पावसाळ्यात त्या मिटतात.

पावसाळा (जुलै ते सप्टेंबर) : कपाट बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. अडलेल्या खणावर रंधा मारू नये. ऑगस्टमध्ये तासलेला खण जानेवारीत खुळखुळतो. सरकण्याच्या पट्टीवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा. लादी पुसताना पाय ओले राहतात आणि लाकूड सर्वाधिक पाणी पिते ते तळाच्या कापलेल्या टोकाकडून; म्हणून पायांना रबरी टोप्या घालाव्यात. मुंग्यांसाठी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असाल, तर पाय वाटीतील पाण्यात नव्हे, वाटीत ठेवलेल्या दगडी किंवा चिनी मातीच्या ठोकळ्यावर असू द्यावेत.

हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी) : सांधे बसविणे, पॉलिश, दारांची दुरुस्ती यांसाठी हाच काळ. हवा ना फार ओली ना फार कोरडी. लाकूड आपल्या मधल्या मापाला आलेले असते. दिवाळीपूर्वीच्या सफाईत प्रत्येक वस्तू भिंतीपासून ओढून तिची पाठ पाहावी.

वाचकहो, येत्या सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वांत जुने टेबल अलगद उलटे करून पाहावे. वर कितीही पॉलिश झाले असले, तरी खाली मिस्त्रीने ओढलेली पेन्सिलीची रेघ, सरसाचा वाळलेला ओघळ आणि लांबट ठेवलेली स्क्रूची भोके अजून दिसतील. भुकटी आढळली तर वेळीच उपाय करता येईल. स्क्रू सैल असतील तर अर्धा फेरा आवळता येईल. घरातील मुलांना सोबत घ्यावे आणि फळी कोणत्या दिशेने वाढते, हे त्यांना दाखवावे. उद्या हे टेबल त्यांच्याकडे जाणार आहे आणि ते खोलून पुन्हा जोडण्याची वेळ त्यांच्यावरही येणार आहे.